मण्याचं भोक बघा: जुन्या चेक काचमाळांविषयी वाचकांची पत्रं

मागच्या अंकात मी माझ्या काचेच्या माळांवर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग पडला. एक पत्र तर चक्क माळेसकट आलं. ती मी रजिस्टर पोस्टाने परत केली आहे. कृपया माळा पाठवू नका, टपालातला प्रत्येक ठोका मला इथे ऐकू येतो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: मी पुण्यात वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. नंतर ह्यांच्या नोकरीमुळे सात वर्षं आम्ही चेक देशात, उत्तर बोहेमियातल्या लिबेरेत्स या गावी होतो. तिथून अकरा नंबरची ट्राम डोंगरातून वळणं घेत याब्लोनेत्स या काचमण्यांच्या गावाला जाते. पहिल्याच हिवाळ्यात, निव्वळ थंडीपासून पळायला म्हणून, मी तिथल्या काच आणि दागिन्यांच्या संग्रहालयात शिरले. ती अजून बाहेर आलेच नाही, असं हे म्हणतात. आता घरात साठ-सत्तर माळा आहेत आणि एकही बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याच्या लायकीची नाही.

आजेसासूबाईंच्या डब्यात लाल काचेची माळ सापडली. सराफ म्हणाले, "काच आहे, ठेवा तशीच." फाशाच्या जिभेवर भिंगातून ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असं वाचता येतं. मधले मणी मोठे, कडेचे लहान होत गेलेले, दोन मण्यांमध्ये गाठ, फासा म्हणजे पितळी जाळीची छोटी डबी. आजेसासूबाई 1961 साली गेल्या. माळ किती जुनी असेल? (एक वाचक, ठाणे)

सराफ खरं तेच बोलले. काचच आहे. पण काय काच आहे!

चेकोस्लोव्हाकिया हा देश 28 ऑक्टोबर 1918 रोजी जन्माला आला आणि 31 डिसेंबर 1992 रोजी संपला. तुमच्या फाशाचं वय या दोन तारखांच्या मध्ये. त्यातही एक खिंडार आहे. 1938 च्या ऑक्टोबरात म्युनिक करारानंतर याब्लोनेत्ससकट हा सगळा सीमेचा पट्टा जर्मनीने गिळला. याब्लोनेत्सला तेव्हा सगळे त्याच्या जर्मन नावाने, गाब्लोन्झ म्हणूनच ओळखत. 1945 पर्यंत तिथून चेकोस्लोव्हाकियाचा शिक्का मारून माल निघणं शक्य नव्हतं. म्हणजे उरल्या दोन खिडक्या: 1918 ते 1938, आणि 1945 च्या पुढे. आजेसासूबाईंच्या जाण्यामुळे दुसरी खिडकीही 1961 ला बंद होते. जाळीची डबी, चढत्या-उतरत्या आकाराचे मणी आणि मधल्या गाठी बघून माझा कौल पहिल्या खिडकीला. शपथेवर मात्र सांगणार नाही.

कारण शिक्का फाशावर आहे, मण्यांवर नाही. हे लक्षात घ्या, पुढच्या प्रत्येक उत्तरात उपयोगी पडेल. याब्लोनेत्सची माळ एका छपराखाली तयार होत नसे. काचेच्या कांड्या एका कारखान्यात ओतल्या जात. त्या डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या घरी जात, आणि हिवाळ्यात शेत बर्फाखाली गेलं की तिथे मणी दाबले जात. पैलू पाडणारा तिसऱ्याच गावात, ओवणाऱ्या बायका चौथ्या, फासे करणारा पाचव्या. शेवटी याब्लोनेत्सचा निर्यातदार सगळं गोळा करून पेटीत भरून बंदराकडे धाडायचा. आणि शिक्का? तो कारागिराने मोठ्या अभिमानाने मारलेला नाही. 1890 साली अमेरिकेने कायदा केला की बाहेरून आलेल्या मालावर मूळ देशाचं नाव हवं. म्हणून तो आला, निव्वळ कस्टमच्या धाकाने. ज्या मालाला असा धाक नव्हता त्यातल्या पुष्कळशा माळांना शिक्काच नाही, किंवा कागदाची चिठ्ठी होती, जी पहिल्याच दिवशी गळून पडली. बिनशिक्क्याची माळ म्हणजे खोटी माळ, असं म्हणून कित्येकांनी चांगल्या माळा हातच्या घालवल्यात.

‘पश्चिम जर्मनी’ असा शिक्का दिसला तरी नाक मुरडू नका. 1945 नंतर याब्लोनेत्सच्या जर्मन भाषिक रहिवाशांना देश सोडावा लागला. त्यातले बरेच जण बव्हेरियात काउफबॉयरेन गावाबाहेर वसले आणि त्या वस्तीला त्यांनी नाव दिलं नॉयगाब्लोन्झ, नवं गाब्लोन्झ. हात तेच, मणी दाबायचे चिमटे तसेच, फक्त शिक्का बदलला. मला त्या माळा हातात घेताना नेहमी थोडं गलबलतं. असो.

मी ऑनलाइन ‘1920 च्या दशकातली अस्सल चेक माळ’ घेतली. मण्यांच्या एका बाजूवर इंद्रधनुष्यासारखी झाक आहे, दुसरी बाजू साधी. शिक्का नाही. घरचे म्हणतात प्लॅस्टिक आहे. फसलो का? (एक वाचक, नाशिक)

अर्धे फसलात.

प्लॅस्टिकचा प्रश्न दोन मिनिटांचा. माळ गालाला लावा. काच गार लागते आणि थोडा वेळ गारच राहते. मग एक मणी दातावर हलकेच वाजवा. काच टिणकन वाजते, प्लॅस्टिक थबकन. तळहातावर वजन घ्या. संपलं.

आता झाक. तेलाच्या तवंगासारखे रंग एकाच बाजूला खेळतायत म्हणता, तो थर ‘अरोरा बोरियालिस’ नावाचा. तो 1950 च्या दशकाच्या मध्यात स्वारोव्स्की कंपनीने आणला. म्हणजे 1920 चा दावा तिथेच कोसळला. (हा स्वारोव्स्की मूळचा याच डोंगरातला. दानिएल स्वारोव्स्की 1862 साली याब्लोनेत्सजवळच्या खेड्यात जन्मला आणि 1895 मध्ये आपलं काच घासायचं यंत्र घेऊन ऑस्ट्रियातल्या वाटेन्सला निघून गेला. शेजाऱ्यांनी नक्कल करू नये म्हणून गेला, असं सांगतात. शेजाऱ्यांना मी ओळखते, केली असती.) पण तेवढ्यावरून माळ चेक नाही असं होत नाही. 1952 साली तिथे ‘याब्लोनेक्स’ ही सरकारी निर्यात संस्था निघाली आणि तिने अशा झाकेच्या माळाही देशोदेशी विकल्या.

मग चेक की नाही, हे कसं ठरवायचं? मण्याच्या भोकावरून. चेहरा सगळेच घासूनपुसून चमकवतात, भोकाकडे कुणी लक्ष देत नाही. दहा पटींचं भिंग घ्या, दोन-चारशे रुपयांत मिळतं, आणि खिडकीशी बसा.

याब्लोनेत्सचं घरचं काम म्हणजे दाबलेला मणी. काचेची कांडी भट्टीत मऊ करायची, दोन जबड्यांच्या चिमट्यात धरायची आणि दाबायची. दाबतानाच चिमट्यातली सुई आत शिरून भोक पाडते. त्यामुळे भोक आतून स्वच्छ आणि गुळगुळीत असतं, कधी एका तोंडाला किंचित रुंद. जबडे जिथे मिटतात तिथे मण्याभोवती बारीक रेघ राहते. मोदकाचा साचा आठवा, दोन पाती मिटली की जोडावर पिठाची झालर येते, अगदी तसंच. काचेची झालर नंतर मणी घोळवून काढून टाकतात, पण रेघ पूर्ण जात नाही. डोळ्याला दिसली नाही तरी नखाला लागते. पानं, फुलं, द्राक्षांचे घड, शिंपले असे आकाराचे मणी असतील तर ही रेघ हमखास शोधा.

दुसरी जात गुंडाळलेल्या मण्याची. ज्योतीवर मऊ झालेली काच सळईभोवती गुंडाळतात, म्हणून रेषा आणि बुडबुडे भोकाभोवती जिलबीसारखे फिरतात. हे चेकही करत, व्हेनिसवालेही करत आणि आपल्या उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरात आजही करतात. अशा नव्या मण्यांचं भोक बरेचदा मोठं आणि आतून खरखरीत असतं. काडी फिरवली की पांढरी भुकटी येते. सळईला काच चिकटू नये म्हणून लावलेल्या लेपाची ती. जुनी चेक म्हणून विकल्या जाणाऱ्या तीन माळांमध्ये मला ही भुकटी सापडली आहे. तिन्ही सुंदर होत्या, जुन्या एकही नव्हत्या.

तिसरी जात ओढलेली. पोकळ नळी लांबच लांब ओढून तिचे तुकडे करतात, त्यामुळे बुडबुडे भोकाला समांतर लांबट होतात. पोतीचे बारीक मणी हे असे.

तुमच्या मण्यांना पैलू असतील, तर पैलूंच्या कडाही बघा. चेक कारागिरांची एक खास रीत होती आणि आहे: चाकावर पैलू पाडून मणी पुन्हा आगीतून काढायचा, म्हणजे वरचा पापुद्रा वितळून तकाकी येते. त्याने कडा मऊ होतात, थोडा वेळ तोंडात घोळवलेल्या खडीसाखरेसारख्या. कडा बोटाला टोचत असतील तर मणी यंत्रावर कापून तसाच ठेवलेला आहे. दोन्ही चेक असू शकतात, पण खडीसाखर दिसली की माझं मन चेककडे झुकतं.

वय मात्र भोकाच्या ओठावर. वर्षानुवर्षं गळ्यात हलताना मण्याला मणी घासतो आणि तिथे बारीक टवके पडतात. शंभर वर्षांची म्हणवणारी माळ आणि एकाही ओठाला ओरखडा नाही, तर ती दुकानाच्या पेटीतच पडून होती किंवा दावा खोटा आहे. पहिली शक्यताही खरीच असते, याब्लोनेत्सच्या परिसरात न वापरलेल्या जुन्या मालाच्या पेट्या अजून निघतात.

मी इंजिनियरिंगला आहे. आजीची पिवळट हिरवी माळ नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरली तर झगझगीत हिरवी चमकली. इंटरनेटवर वाचलं की हे युरेनियम आहे. आजीने ती चाळीस वर्षं घातली आहे. घाबरायचं का? (एक वाचक, कोल्हापूर)

आजीला विचार, ती घाबरली का ते. तिचं वय बघता उत्तर तुझ्याकडेच आहे.

आता रसायनशास्त्राच्या बाई म्हणून सांगते. झगझगीत, लिंबासारखी हिरवी चमक आणि तीही पूर्ण मण्यात आतून आल्यासारखी, म्हणजे युरेनियमचीच काच. रंगासाठी युरेनियमचा क्षार घालत, बहुतेक वेळा वजनाच्या शेकडा दोनच्या आत. अशी माळ अधूनमधून घालण्यात काळजीचं काही नाही. मात्र ती कानशीने घासू नकोस, मणी फोडून पूड करू नकोस, आणि वर नाशिककरांना सांगितलेली दाताची परीक्षा या माळेवर नको.

या काचेचं माहेर तोच डोंगर. 1830 च्या दशकात तिथल्या रीडेल घराण्याने पिवळी आणि हिरवी युरेनियम काच काढली आणि घरच्या मुलीच्या नावावरून त्या रंगांना ‘आनागेल्ब’ आणि ‘आनाग्र्यून’ म्हटलं, म्हणजे आनाचा पिवळा आणि आनाचा हिरवा. त्या भागातलं युरेनियमचं मोठं नाव म्हणजे बोहेमियातच असलेली याखिमोव्हची खाण. तिथल्याच खनिजाच्या चोथ्यातून क्युरी दांपत्याने 1898 मध्ये रेडियम शोधलं. मी शाळेत तो धडा पंधरा वेळा शिकवला असेल. त्याच खाणीच्या पट्ट्यातल्या मातीने बायकांच्या गळ्यातले मणी रंगले, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मागच्या बाकावरच्या मुलीही जाग्या राहिल्या असत्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मँगनीज घातलेली काचही हिरवट चमकते, पण मंद, दमलेली. आणि कॅडमियमची पिवळी-नारिंगी काच चमकली तर पिवळी किंवा केशरी. दुसरं म्हणजे, चमकली म्हणून जुनी, असं समजू नकोस. चेक लोक युरेनियमचे मणी आजही करतात. विक्रेते हे सोयीस्कर विसरतात.

टॉर्चपेक्षा मला आपली ट्यूबलाइट जास्त आवडते. फिकट जांभळी माळ मिळाली तर दिवसाच्या उजेडात बघ, मग ट्यूबलाइटखाली ने. राखाडी निळी झाली तर ती निओडिमियमची काच. कार्लोव्ही व्हारीच्या मोझर कारखान्याने ती 1920 च्या दशकात गाजवली. माझ्याकडे अशी एक माळ आहे. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना ती जांभळी असते आणि जेवणाच्या पंगतीत निळी. साडीशी मॅचिंगचा बोजवारा उडतो.

आईची चेक माळ तुटली. मणी सगळे गोळा केलेत. धुऊन नव्याने ओवून घ्यावी म्हणते. काय काळजी घेऊ? (एक वाचक, पुणे)

या पत्राची मी वाटच बघत होते, कारण माझी सगळ्यात आवडती माळ मी अशीच घालवली. काळ्या आणि हिरव्या चौकोनी मण्यांची, तुतनखामेनची कबर 1922 मध्ये सापडल्यावर इजिप्तची लाट आली होती त्या वळणाची. फाशावर पूर्ण शिक्का. शहरातल्या एका दुकानात ओवायला दिली. परत आली ती चकचकीत लॉब्स्टर हुकासह. जुना फासा कुठाय म्हणून विचारलं तर मुलगा हसून म्हणाला, "काळा पडला होता काकू, टाकून दिला." मी दुकानाबाहेरच्या पायरीवर बसले. माळ अजून आहे, पण ती आता फक्त सुंदर आहे, तिच्याकडे कागदपत्रं राहिली नाहीत.

तेव्हा फासा स्वतःच्या पाकिटात ठेवा. तुटका असला तरी. जुना दोराही थोडा जपून ठेवा. दोरा कापण्याआधी माळ सरळ मांडून फोटो काढा. तुमची तर तुटलीच आहे, म्हणून टॉवेल अंथरून मणी आकारानुसार लावा. मोठा मध्ये, दोन्हीकडे जोड्या. बारीक काचेचे चपटे मणी मधेमधे असतील तर ते कचऱ्यात गेले का, पलंगाखाली पुन्हा बघा.

आख्ख्या काचेचे सुटे मणी कोमट पाण्यात साबणाच्या एका थेंबाने मऊ ब्रशने धुवा. पण आतून चंदेरी असलेले पोकळ फुगवलेले मणी, आत वर्ख असलेले, वरून रंगवलेले, यांना पाणी लावू नका. फक्त कोरडं मलमल. पाणी भोकातून आत गेलं की चांदीवर काळे डाग येतात आणि ते जात नाहीत. पितळी फाशाला चिंच नको, पितांबरी नको. काळा असू दे.

ओवायला पटवेकरी शोधा, जो मोती आणि मंगळसूत्रं गाठवतो तो. रविवार पेठेतल्या ज्या म्हाताऱ्या पटवेकऱ्यांकडे मी जाते, त्यांनी पहिल्या दिवशी माझी माळ हातात घेऊन काय केलं असेल? प्रत्येक मण्याच्या भोकात बोटाचं नख फिरवलं. म्हणाले, "ताई, याची धार रेशीम खाणार. जाड दोरा घालू, गाठ मारू." कापलेल्या पैलूदार मण्यांच्या भोकाची कड खरंच सुरीसारखी असते. जुन्या माळा तुटतात त्या बहुतेक तिथेच. गाठीचा फायदा दोन: मणी मण्याला घासत नाही, आणि तुटली तरी एकच मणी पडतो, बाकीचे सोफ्याखाली जात नाहीत.

आजी तिच्या काचेच्या बांगड्यांना ‘बिलोरी’ म्हणायची आणि ‘आस्ट्रियाच्या’ असंही. याचा तुमच्या चेक मण्यांशी संबंध असेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

आहे, आणि चांगलाच. 1918 पूर्वी बोहेमिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, म्हणून तिथला माल आपल्याकडे ‘ऑस्ट्रियाचा’. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानात आयात होणाऱ्या काचेच्या बांगड्या आणि मण्यांमध्ये त्या मालाचा मोठा वाटा होता. याब्लोनेत्सचे व्यापारी इकडच्या बायकांना कोणता हिरवा आवडतो याचे नमुने मागवत. 1914 मध्ये ऑस्ट्रिया इंग्रजांचा शत्रू झाला, जहाजं थांबली, आणि जपानी माल पुढे सरसावला. आजीचं लग्न कोणत्या साली झालं, ते कुणाला विचारता येतं का बघा. बांगडी उरली असेल तर मला फोटो पाठवा. बांगडी नको.

माझ्या माळेची किंमत किती येईल? (सोलापूर, सातारा, डोंबिवली आणि आणखी नऊ ठिकाणचे वाचक)

सांगत नाही. विकायची असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा, ठेवायची असेल तर विचारूच नका.

मी न्यू जर्सीत राहते. मेमध्ये चार दिवस प्रागला जातेय. जुन्या माळा कुठे घेऊ? (एक वाचक)

चार्ल्स पुलाच्या आसपासच्या दुकानांत नाही. तिथे ‘बोहेमियन’ पाटीखाली काहीही मिळतं. एक दिवस काढा आणि बसने याब्लोनेत्सला जा, अंतर साधारण शंभर किलोमीटर. संग्रहालय सकाळी पदरात पाडून घ्या, तिथले व्यापाऱ्यांचे नमुन्याचे पुठ्ठे बघा: एका पुठ्ठ्यावर ओळीने शिवलेले शेकडो मणी, प्रत्येकाखाली नंबर. ते एकदा डोळ्यांत साठले की बाजारात हात आपोआप योग्य माळेकडे जातो. अजून एक दिवस मिळाला तर झेलेझ्नी ब्रोदला जा, तिथे 1920 पासून काचेची शाळा आहे. किंवा पोनिक्लाला. तिथे फुगवलेल्या मण्यांपासून नाताळच्या झाडाचे दागिने करतात. 2020 साली युनेस्कोने त्या हस्तकलेची नोंद घेतली. नळीला साच्यात फुंकर मारून एका दमात मण्यांची ओळ उठवताना बघाल तर माळ घ्यायचं विसराल.

जुन्या बाजारात जायचंच असेल तर सकाळी लवकर, सुटे क्राउन, म्हणजे तिथलं चलन, घेऊन. भिंग बाहेर काढलंत की विक्रेता भाव वाढवेल, म्हणून आधी नखच फिरवा. आणि फासा तुटलेल्या, धूळ खात पडलेल्या माळांचा ढीग दिसला तर तो आधी उपसा. माझ्या निम्म्या माळा तिथून आल्या आहेत.